मामूंनी दिलेले तीस

मामू कोणाचं खोटं कौतुक करत नसत. दारव्ह्यातली आम्ही पोरं त्यांच्यासमोर उभं राहायला घाबरायचो ते त्यामुळेच. त्यांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात, पंपांच्या जळक्या मोटारींच्या मधोमध, एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात बास्केटबॉलचा गेम. हा गेम हाताने खेळायचा नसतो. प्रत्येक खेळाडूला उंची, उडी, ताकद, रिबाउंड अशा खान्यांत शंभरपैकी आकडे द्यायचे, पाच जण निवडायचे आणि गप्प बसायचं. सामना कॉम्प्युटरच खेळतो.

मामूंनी त्यात आमची कॉलेजची टीमच भरली होती. मैदानाच्या भिंतीवर बसून ते आमचा खेळ न्याहाळत आणि दुकानात जाऊन आकडे बदलत. "माह्या बापालेही फुकटचा एक आकडा देणार नाही," म्हणायचे.

माझी उंची सहा फूट दोन इंच. ती पाहून त्यांनी मला रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू धरायला, नव्वद देऊन टाकले. तिथे मामू चुकले. यवतमाळच्या एका दांडग्या सेंटरने, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच गड्याने, कोपर मारून माझं नाक फोडलं होतं, हे त्यांना कुठे माहीत! तेव्हापासून चेंडू रिंगला लागला की मला ते कोपर आठवायचं. मी उडी मारल्याचं नुसतं नाटक करायचो.

गेममध्ये आम्ही जिंकायचो, मैदानावर आपटायचो. मामूंनी दोन सामने नीट पाहिले आणि सगळ्यांदेखत माझ्या नव्वदचे तीस केले. "उंची हाये, उडी हाये, मंग चेंडू काहून येत नाही? भेते हे पोट्टं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. असा संताप आला म्हणता! पुढचा सामना त्याच सेंटरच्या टीमशी होता आणि कोच सरांनी बजावलं होतं, या वेळी कच खाल्लीस तर टीममधून नाव कट.

आठवडाभर मामू त्या टीमचेही आकडे भरून हलवत बसले. मग मला बोलावलं. "हे पाह्य. त्या सेंटरचे पंच्याण्णव हायेत. त्याचे अर्धे केले तं आपला बारका वसीमही चेंडू नेते. तू चेंडूच्या भानगडीत पडू नको. सेंटरकडं पाठ कर, पाय रोव अन् त्याले मागंच अडवून धर."

"अन् त्यानं मारलं तं?"

"मारनच तो," मामू शांतपणे म्हणाले. हा काय धीर द्यायचा प्रकार झाला?

सामन्याआधी मला ओकारी झाली. चेंडू रिंगला लागला की मी त्या सेंटरकडे पाठ करायचो आणि डोळे गच्च मिटायचो. त्याचा श्वास मानेवर, कोपर बरगडीत. एकदा तर "आई गं!" म्हणून ओरडलोच. पण दर वेळी डोळे उघडले की चेंडू वसीमच्या हातात. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

बसमधून उतरलो तो थेट दुकानात.

"तुह्या नावावर रिबाउंड किती?" मामूंनी विचारलं.

"एकही नाही."

"भेव वाटलं काय?"

"लय, मामू. अजून पाय कापून राह्यले."

"मंग पळाला काहून नाही?"

"वसीम पुढं एकटाच होता ना."

मामू माझ्या नावासमोरचे सगळे खाने वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. आता तीसचे दहा करतात की काय, म्हणून मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. "हे भराले यात खानाच नाही बे," ते म्हणाले, आणि तीस तसेच ठेवले.

गेल्या वर्षी मामू गेले. मयतीची मला आधीच भीती वाटते. खांदा द्यायला गेलो तर माझ्या उंचीने जनाजा एका बाजूला कलायला लागला. "तू सरक, दुसरा कोणी घेईन," वसीम हळूच म्हणाला. मी सरकलो नाही. गुडघे वाकवून कब्रस्तानापर्यंत तसाच चालत गेलो.