मफलर दिसना का?

मी आज पदवीधर आहे तो आमच्या पिंजारी चाचांमुळे. “पोऱ्याले जिनिंगमा धाडू नका, त्याले डोया शेतस,” म्हणजे पोराला डोळे आहेत, असं मला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लावायला निघालेल्या वडिलांना त्यांनीच सुनावलं होतं.

हिवाळ्यात चाचा नंदुरबारहून सायकलवर गावोगाव गाद्या भरायला जात. परतताना कोरीट गावाच्या अलीकडच्या माळावर सायकल बाभळीला टेकवायची आणि मुक्कामाला गवतात उतरणारे भोवत्या पक्षी पाहायचे, हा त्यांचा नेम. मी कॉलेजातून येताना तिथेच थांबायचो.

तुम्ही या शिकारी पक्ष्याची मादी पाहिली असेल, तर जाणता. दोन जाती, दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. फरक मानेपाशी. दुर्मीळ जातीच्या मादीला कानामागून फिकट पट्टा असतो. चाचांच्या लेखी तो मफलर.

मी पुस्तकातलं नाव ठोकून द्यायचो.

“मफलर दिसना का?” दिसला का, हा चाचांचा ठरलेला प्रश्न.

“नाही चाचा, पण उडण्यावरून वाटतं…”

“मंग नुसतं भोवत्या लिख. तू काय तेन्ही आत्या शे, नाव ठेवाले?”

गेल्या थंडीत त्या माळावर सौर प्रकल्प ठरला. तिथले पक्षी मोजायचं काम मला मिळालं. चाचांना बरोबर नेलं. कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर रोज संध्याकाळी माळावर बसलेला. पक्षी भरपूर उतरले, मफलर एकीचाही दिसला नाही. मी चाचांनी शिकवल्याप्रमाणे लिहिलं: भोवत्या, जात अनिश्चित.

अहवाल तपासणाऱ्या साहेबांनी त्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ मारली. “जात नाही म्हणजे नोंद नाही.” झालं! डोळ्यांदेखत भरलेला माळ अहवालात रिकामा झाला. त्या माणसानं माळावर पाऊलही ठेवलं नव्हतं. हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

आणि मी जाऊन ओरडलो कुणावर? चाचांवर. “एक खोटा शब्द लिहू दिला असता तर माळ वाचला असता!”

ते सुई ओवत होते. मोतीबिंदूमुळे दोरा चुकत होता. मान वर न करता म्हणाले, “रेघ त्यानी मारी. तू कशाले खोटा व्हस?”

यंदा दिवाळीआधी चाचांना त्यांच्या मुलीनं सुरतेला नेलं. बाभळीखाली आता कुंपणाचे खांब येऊन पडलेत. प्रकल्पावर हरकत घ्यायची मुदत या आठवड्यात संपते. काल त्यांना पाठवलेलं पत्र हे:

चाचा, सलाम.

यंदा धूर नाही. सहा संध्याकाळ बसलो. काल चौघींचा मफलर लख्ख दिसला. त्यांची जात लिहिली. बाकीच्यांपुढे नुसतं भोवत्या लिहिलंय, साहेबाच्या नाकावर टिच्चून. तीच वही हरकतीला जोडली आहे. या वेळी रेघ मारली तर त्याच्या वरच्याकडे जाईन, तिथून त्याच्याही वरच्याकडे.

साक्षीदाराच्या जागी तुमचं नाव घालायला पेन टेकवलं होतं. पण काल तुम्ही तिथे नव्हता.

ती जागा कोरी सोडली आहे.