तिन्हीसांजेचा प्रश्न

कुरुळीच्या बबनरावांची तनुजा इंग्रजी शिकली खरी, पण कुणाच्या कामाची नाही. हजार वर्षांपूर्वीची, जी आज खुद्द इंग्रजांनाही कळत नाही. भावकी म्हणायची, "ही कंपनीत इंटरव्ह्यूला गेली तर साहेबच पळून जायचा!" तनुजा हसून सोडून द्यायची. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटात बसून तिने त्या मेलेल्या भाषेवर उमेदीची वर्षं घालवली आणि जाणकारांत तिच्या शब्दाला वजन आलं. गावी मात्र ती सणावारीच दिसायची.

मग तिची आई, रतनबाई, अर्धांगवायूने आडवी झाली. वाचा गेली. तनुजा रजा काढून कुरुळीला आली. डॉक्टर म्हणाले, सतत बोलत राहा, घरच्या आवाजाने माणूस माघारी येतं. पण मायलेकींत बोलणं उरलंच कुठे होतं? जेवलीस का, येणार कधी, संपलं. म्हणून तनुजा उशाशी बसून आपलं कामच मोठ्याने वाचू लागली. तिच्या पेशात तशी रीतच होती. जुनं काव्य कानाने तपासायचं. हाती होतं एका जळक्या पानावरचं काव्य. त्यात घरधनी दारातल्या सावलीला विचारतो, "कोण आहेस तू?" उत्तर आगीत गेलेलं. तनुजा तिथे थांबायची, उत्तरापुरती जागा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

एकदा तिन्हीसांजेला त्या मोकळ्या जागेत रतनबाई बोलली. स्वच्छ, ठाम, त्याच भाषेत. "मी आहे. गारठलेय. आत घे."

एबीसीडी न येणारी बाई! तनुजाच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि लाज वाटावी असा आनंदही झाला, कारण कुणालाच न सापडलेली ओळ तिला सापडली होती.

आवाज ऐकून बबनराव धावत आले. "काय इचारत व्हतीस तिला?" तनुजाने सांगितलं, तसे ते म्हणाले, "अगं, दिवेलागणीला कोण हाय म्हणून इचारायचं नसतंय. नको ते ओ देतं. एवढं शिकलीस, आन् हे ठावं न्हाई व्हय?"

तनुजाने त्या जुन्या भाषेत विचारलं, "माझी आई कुठे आहे?"

बिछान्यातून त्याच भाषेत उत्तर आलं, "इथेच होती. रोज वाट बघायची. तू मलाच विचारत राहिलीस. तिला कुणी हाक मारली नाही, मग गेली."

तनुजाचा धीर सुटला. "आई! अगं आई, मी तनू!" ती रडत हाका मारत सुटली. आणि दर हाकेला बिछान्यातली ती बाई, आईच्याच तोंडाने, त्या जुन्या भाषेत मायेने ओ देत राहिली.