मढ्याचं काम

कॉलेजात असताना मी एकदाच रंगमंचावर गेलो, तेही आडवा. तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेजांचा कला महोत्सव भरायचा आणि आमच्या एकांकिकेत मला मढ्याचं काम मिळालं होतं. संवाद नाहीत, पाठांतर नाही. मित्र म्हणाले, याला शोभतंय.

माझ्यावर रडणारी आई झाली होती आमच्याच वर्गातली करमाडची एक मुलगी. नाटक बसवणाऱ्या सरांना तिचं रडणं पटेना. "खोटं वाटतंय. तुमच्या गावातल्या बाया मयतीला रडतात तसं रड," असं ते रोज सगळ्यांसमोर तिला झापायचे. मला त्यांचा संताप यायचा. तिचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सरांनाही होतं.

शेवटी एका तालमीत तिनं तोंडाला पदर लावला आणि हेल काढला. "नवा सदरा शिवून आणला रं माझ्या राजा, आता कुणाच्या अंगात घालू रं..." डोळे मिटून पडलो होतो तरी माझ्या अंगावर काटा आला. सर खूश झाले. नंतर चहा पिताना ती मला म्हणाली, "मायचे शब्द हायेत. तिला कळलं तर मरंल ती." घरी तिनं नाटकात काम आहे एवढंच सांगितलं होतं. शेतातलं काम टाकून माय काही नाटक बघायला यायची नाही, अशी तिची समजूत.

माय आली. पडदा उघडायच्या आधी हिनं फटीतून बघितलं आणि पांढरीफटक पडली. तिसऱ्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन माय बसली होती.

"सर, मी दुसरं काहीतरी रडते."

"वेडी का तू? चल, जागेवर बस."

ती दुसरं रडायला गेली, पण दुसरं काही तिच्याजवळ नव्हतंच. सदऱ्यापाशी आली आणि आवाज बसला. चादरीखाली मी श्वास रोखून पडलेलो. तेवढ्यात समोरच्या अंधारातून आलं, "बाही आखूड झाली म्हणून रुसला व्हता रं वाघा..."

आमच्याकडं मयतीला एकीनं सूर धरला की दुसरीनं त्यात सूर मिसळायचा, तिला एकटीला रडू द्यायचं नाही, असा रिवाज आहे. माय तेवढंच करत होती. लेक मंचावर, आई खुर्चीत, दोघी एकाच पोरासाठी रडत होत्या. मला उठून पळावंसं वाटत होतं. पण मढं कसं उठणार?

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्या थांबेनात. एक परीक्षक मुद्दाम आत येऊन म्हणाले, प्रेक्षकांत बाई बसवायची कल्पना अफाट होती. "म्हटलं, प्रयोग करून बघू," सर म्हणाले. त्यांचं थोबाड फोडावंसं वाटलं मला.

मागून माय आत आली. लेकीजवळ न थांबता ती सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या कपाळावरून, गालावरून हात फिरवला. हाताला लागलेली पावडर तिनं पदराला पुसली.

"उठला व्हय बाबा," ती म्हणाली.

सर हात जोडून पुढं आले. "मावशी, पुढच्या फेरीला याल ना? तुमच्याशिवाय आता जमणार नाही."

"याला परत निजवताल का?"

"हो तर," सर हसून म्हणाले.

"मग नाय येत."