तिसरी तक्रार

किस्से कोणी जमवत नाही हो. ते आपोआप साचतात, जिनिंगमधून उडालेला कापूस कौलांवर साचतो ना, तसे. खालून काही दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी वारा सुटला की सगळं अंगण पांढरं! परवा कोणीतरी सहज विचारलं, "तुम्ही शिकायला कोणत्या होस्टेलला होता?" मी म्हटलं, "होस्टेलला नाही, आम्ही गल्लीला होतो." झालं, तेव्हापासून वारा सुटलाय.

निजामी अमलातली गोष्ट. जालन्यात कुंडलिका नदीच्या अंगाला एक गल्ली, गल्लीत एक खोली, आणि खोलीत आम्ही मॅट्रिकचे तिघं. तीर्थपुरीचा मी, अंतरवालीचा गणपत आणि घनसावंगीचा मुरली. गणपत अंगानं आडदांड, मनानं लोणी. मुरली उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघणारा. मॅट्रिक झालं की हैदराबादला युनिव्हर्सिटीत जायचं, हे तिघांचं एकच स्वप्न. नाहीतर गावी येऊन औत धरायचं, हे तिघांच्या बापांचं एकच उत्तर.

खोली मिळायलाच महिना गेला होता. सड्या पोरांना कोण ठेवून घेणार? शेवटी एका म्हाताऱ्यानं हो म्हटलं. जन्मभर कचेरीत पेशकार, म्हणजे लोकांच्या अर्ज्या साहेबापुढं ठेवणारा, होता, म्हणून सगळे त्याला पेशकारसाहेब म्हणायचे. त्यानं किल्ली हातात देण्याआधी तीन बोटं वर केली.

"तीन तक्रारी. गल्लीतून तिसरी आली, की मी कुलूप घेऊन येतो. बहस बिलकुल न्हाई!"

*

पहिली तक्रार चौथ्या दिवशीच गेली.

आमच्या खोलीला लागून जिजीचं घर. जिजी एकटी राहायची, साठीच्या पुढची, काटक, आवाज खणखणीत. आमच्या आणि तिच्या मधे एक मातीची भिंत. त्या भिंतीला टेकवून पलीकडं तिची उतरंड होती, एकावर एक सात मडकी. अलीकडं गणपत रोज पहाटे त्याच भिंतीला दोन्ही हात लावून जोर करायचा. "भिंत पक्की हाय," म्हणायचा.

भिंत पक्कीच होती. उतरंड नव्हती!

धडाम आवाज झाला आणि पाठोपाठ जिजीचा. ती तडक पेशकारसाहेबांकडं गेली. गणपत रडवेला होऊन तिच्या घरात शिरला, फुटकी मडकी उचलली, बाजारातून नवी दोन आणली आणि सगळी उतरंड स्वतःच्या हातानं रचून दिली. फक्त कशात काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. पुढं आठ दिवस जिजी गूळ शोधत होती. मिठाच्या जागी डाळ, डाळीच्या जागी शेंगदाणे, आणि गूळ सगळ्यात खालच्या मडक्यात!

नवव्या दिवशी तिनं दारातून हाक मारली. नावं तिनं कधी लक्षात ठेवली नाहीत, आम्हाला ती गावानंच ओळखायची.

"ए अंतरवाली! ये, परत रच. पण आता मी सांगंल तसं!"

*

समोर उस्मानचाचा टेलर. त्याचं मशीन दिवसभर एका लयीत चालायचं. दुपारी त्या आवाजानं डोळे जड व्हायचे, आणि बाहेर कापसाचा एखादा पुंजका उन्हातून तरंगत चाललेला असायचा. आजही मला कुठं शिवणयंत्र ऐकू आलं की डुलकी लागते.

शाळेत साहेब येणार होते इन्स्पेक्शनला. हुकूम निघाला, वरच्या वर्गातल्या प्रत्येकानं शेरवानी घालावी. आमच्या तिघांत शेरवानी एकही नाही. चाचानं आमची तोंडं पाहिली आणि गिऱ्हाइकांच्या तयार झालेल्या तीन शेरवान्या खुंटीवरून काढल्या. मुरलीच्या वाट्याला आली ती जरीच्या गळ्याची होती.

"देखो मियाँ, इसको सियाही नक्को लगाओ. दुल्हे की है, जुम्मे को लेने आता."

मुरली त्या दिवशी दौतीपासून हातभर लांब बसला. साहेबांनी त्याला उभं करून काहीतरी विचारलं, पण मुरली तेव्हा मनानं स्वतःच्याच वरातीत घोड्यावर होता. साहेब हसून म्हणाले, "बैठो बैठो, आज इनसे सवाल नहीं करते!"

शुक्रवारी नवरदेव शेरवानी घालून बघून खूष. म्हणाला, "चाचा, नवी असून कशी मऊ बसली अंगाला!"

चाचा सुईत दोरा ओवत म्हणाला, "पढ़े हुए लड़के से पहनाके दिया हूँ. थोड़ी अकल भी लगी होंगी अंदर से."

*

दुसरी तक्रार मात्र गणपतच्या चांगुलपणानं गेली.

गल्लीत एक आड होता, भोवती पुरुषभर उंचीची भिंत. रिवाज असा, की रहाटावर ओलं लुगडं टाकलेलं असलं की आड बायकांचा. लुगडं निघालं की पुरुषांनी बादल्या घेऊन यायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गल्लीतलं शेंबडं पोरही ते जाणून होतं. आमच्या गावाकडं नदी, आम्हाला काय माहीत?

एका सकाळी गणपतला दिसलं, की कोणाचं तरी लुगडं वाऱ्यानं रहाटावरून सुटून आडात पडायला आलंय. आत भिंतीआड बायका न्हात होत्या, त्याचा त्याला पत्ताच नाही. त्यानं बाहेरूनच हात घालून लुगडं ओढून घेतलं, पिळलं, झटकलं, व्यवस्थित घडी घातली आणि जिजीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. रहाट मोकळा दिसला तशी गल्लीतली आठ माणसं बादल्या घेऊन निघाली. पुढं जो गलका झाला तो नदीपलीकडं ऐकू गेला असणार!

जिजी ओल्या केसांनीच आमच्या दारात आली. हातात ती घडी.

"घडी चांगली घातली रे अंतरवाली. सासरी नांदशील." आणि तशीच पुढं पेशकारसाहेबांकडं गेली.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. आता एकच तक्रार उरली होती. मला सारखे माझ्या बापाचे बैल डोळ्यांपुढं येत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

*

मग मुरलीनं तोड काढली. "भांडण मिटवायचं तर लोकांना खाऊ घालावं." गणपतच्या शेतातली ज्वारी हुरड्यात आली होती. सगळ्या गल्लीला हुरड्याचं आवतण द्यायचं ठरलं.

आवतण द्यायला गणपत आणि मी निघालो. आता निजामाच्या राज्यात कचेरीचे आणि शाळेचे महिने फसली सनाचे, आजूर, दै, बहमन असे. घरातले महिने मार्गशीर्ष, पौष. पुरुषमाणसं कचेरीतली, म्हणून त्यांना मी बहमनची तारीख सांगितली. बायकांना गणपतनं तिथी सांगितली, बोटांवर मोजून. गणपतची बोटं दोन दिवस मागं राहिली!

सोमवारी आम्ही शाळेतून आलो, तर खोलीच्या कुलपासमोर नऊ बायका बसलेल्या. कोणाकडं लसणाची चटणी, कोणाकडं दही, कोणाकडं गूळ. हुरडा अजून अंतरवालीत, शेतात ज्वारीच्या ताटावर! बिचाऱ्या एकमेकींच्या चटण्या चाखून घरी गेल्या, आणि या गोंधळाला हसावं की रागवावं हेच न कळून त्यांनी घरी कोणाला काही सांगितलंही नाही. बुधवारी हुरडा आला, पुरुष आले, पण चटणी कोणाकडंच नाही. सगळे कोरडाच हुरडा चघळत बसले. उस्मानचाचा म्हणाला, "मजा है, मगर कुछ तो भी कम है."

मला वाटलं, तिसरी तक्रार ही. पण जिजी दारातूनच ओरडली, "पोरांनो, आधी तुमच्यात एक दिवस ठरवा, मंग लोकाला बोलवा!" आणि चटणीची वाटी पुढं सरकवली. पेशकारसाहेबांकडं कोणीच गेलं नाही.

*

फाल्गुनात जिजीनं कुरडया घातल्या. घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, सुती लुगड्यावर ओल्या कुरडयांच्या रांगा, आणि राखणीला मुरली. त्याला अभ्यासही तिथंच करायचा होता. ऊन कोवळं, खाली चाचाचं मशीन, दूर जिनिंगचा भोंगा. मुरली एक पान वाचून आडवा झाला, आणि म्हणतो, त्याला हैदराबाद दिसलं. मोठमोठ्या कमानी, आणि कमानीखालून तो पुस्तकं घेऊन चाललेला.

जागा झाला तो धावतच शाळेत गेला. वर्गात उर्दूचे मौलवीसाहेब त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग जवळ येऊन त्यांनी त्याच्या गालावरची कुरडई अलगद सोडवून हातावर ठेवली.

संध्याकाळी जिजी कुरडया मोजून राह्यली होती. मुरली मान खाली घालून उभा.

"एक कमी भरती," ती म्हणाली.

मुरलीनं खिशातून ती वाळलेली कुरडई काढून दिली. जिजीनं ती उलटसुलट करून बघितली. "ही तळायची न्हाई. पास झाल्यावर तुझ्या आईला दावायची."

*

आता शेवटचा किस्सा.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या शाळेत सगळं शिक्षण उर्दूतून, आणि गणपतला उर्दूचं पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. मौलवीसाहेबांनी उपाय सांगितला, "ऊँची आवाज़ में पढ़ो." म्हणून रोज दिवेलागणीला गणपत मोठ्यानं धडा वाचायचा. एका सौदागराचा काफिला वाळवंटात रस्ता चुकतो, सात दिवस पाणी नाही, असा तो धडा. गणपत इतका अडखळत वाचायचा, की काफिला दिवसाला चार ओळींच्या पुढं सरकतच नव्हता. दिव्याच्या उजेडात भिंतीवर त्याची भली मोठी सावली हलायची आणि मला खरंच वाटायचं, की कुंडलिकेच्या वाळूतून उंट चालले आहेत.

एका संध्याकाळी काफिल्याला विहीर दिसली. सौदागरानं डोल, म्हणजे पाण्याची बादली, आत सोडला. तेवढ्यात गणपतचा घसा बसला आणि त्यानं पुस्तक मिटलं.

पलीकडून भिंतीवर तीन थापा पडल्या.

आम्ही गारठलो. आवाजाचा त्रास होतोय! तिसरी तक्रार, आणि तीही परीक्षेच्या तोंडावर! त्या क्षणापासून तिघांनी तोंडाला कुलूप घातलं. मनात वाचायचं, खुणांनी बोलायचं. मुरली तर शिंकताना उशीत तोंड खुपसायचा.

पाचव्या दिवशी, दिवे लागायच्या सुमाराला, पेशकारसाहेब आले. हातात कुलूप. मागं जिजी, आणि त्यांना बघून काम टाकून आलेला उस्मानचाचा.

"तक्रार आली," पेशकारसाहेब म्हणाले. "तिसरी."

गणपतनं हात जोडले. "साहेब, चार दिवस झाले, आमी चुप हावोत. बिलकुल चुप!"

"त्येच तर!" जिजी मधेच कडाडली. "म्होरं वाचा म्हणून मी भिंत वाजवली, तर पोरं गप झाली! चार दिवस झाले, त्यो मानूस डोल सोडून उभा हाय. पाणी लागलं का न्हाई, कोन सांगनार? माज्या घशाखाली घोट उतरून न्हाई राह्यला!"

पेशकारसाहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या कुलपाकडं. "सारी उमर पेशकारी केली," ते हळूच म्हणाले, "अशी अर्जी पयल्यांदा आली." मग ते उंबऱ्यावर बसले. कुलूप मात्र त्यांनी मांडीवरच ठेवलं. "अभ्यास करता म्हणून खोली दिली. करता का न्हाई, ते बघतो आता. वाच रे. शुरू से."

गणपतनं पुस्तक हातात घेतलं. ओठ हलले, आवाज फुटेना. कपाळावरून घाम पानावर टपकला. मुरलीनं डोळे मिटून घेतले. मी पेशकारसाहेबांच्या मांडीवरचं कुलूप बघत होतो.

"वाचताच येत न्हाई?" साहेबांचा आवाज चढला. "मंग खोली कशाला अडवून बसले?"



तेव्हा जिजी भिंतीला पाठ टेकून खाली बसली. तिला कोणत्याच भाषेतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि गणपत जिथं जिथं अडखळायचा नेमकी तिथं तिथं थांबत सुरुवात केली.

"एक सौदागर था. उस का... काफिला... रेगिस्तान में रास्ता... भूल गया..."

गणपतनं धड्याचं पहिलं पान उघडलं आणि तिच्या मागं मागं, उजवीकडून डावीकडं, बोट फिरवत वाचायला लागला.