काकासाहेबांची घातक यादी

जालन्याच्या एका सळई कारखान्यात काकासाहेब स्टोअर सांभाळतात. मोजमापाच्या कोणत्या उपकरणात विषारी पदार्थ आहे, याची यादीही तेच करतात. उपकरणावर दिवा लुकलुकला की ‘घातक’, नाही लुकलुकला की ‘साधं’. एवढंच त्यांचं शास्त्र! पाऱ्याचे थर्मामीटर अर्थातच ‘साधे’.

हातमोजे मिळतात ते फक्त ‘घातक’ मालासाठी. म्हणून झाडणाऱ्या दैवशालाबाई म्हणाल्या, “साहेब, पारा हाय त्याच्यात.”

काकासाहेबांनी घसा खाकरला. “बाऽई, लोकं तोंडात घालतेत ते! जल्दी झाडा.”

काल एक थर्मामीटर फुटला. बाईंनी झाडू खाली ठेवला. “साधंच हाय न्हाई का? उचला मंग तुम्हीच.”

साहेब नाकाला रुमाल लावून दाराबाहेर पळाले. यादी तिथंच बदलली. नवे हातमोजेही काढले, पहिला जोड स्वतः घातला, दुसरा बाईंकडे लांबूनच फेकला.