पुली सुटली का

वाळूत पळवायला कुणी बर्फावरची गाडी विकत घेईल, असं गावी असताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आखातात, अल रय्यानच्या आमच्या गॅरेजात ती होती. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, आणि नाकावर कुठल्यातरी थंड देशातलं फाटकं स्टिकर. आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, ती युरोपातून जुनीच उचलून आणली होती. एका हिवाळ्यात त्याने ती टेकड्यांवर चढवली. ज्या इंजिनाने बर्फात गार राहायचं ते वाळूत तापून तापून धूर ओकायला लागलं. मग हौस फिटली आणि गाडी आमच्या गळ्यात पडली.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. मी कराडला ट्रॅक्टरच्या कामात हात काळे केलेला माणूस. इथे वाळूत पळवायच्या चारचाकी बाइक दुरुस्त करायचो. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. तरी मशीन ते मशीन. इंजिनाचं ऑइल सील गेलंय हे मी ताडपत्री काढली त्याच दिवशी सांगितलं. ते बदलायचं तर आधी त्याच्यापुढचा क्लच काढायला हवा. त्याच्यावरून इंजिनाचा बेल्ट फिरतो म्हणून आम्ही त्याला पुलीच म्हणायचो.

आणि ती पुली निघेना.

इंजिनाच्या दांड्याचं टोक निमुळतं असतं आणि पुली त्याच्यावर नुसती दाबून बसवलेली असते. मधला बोल्ट काढला तरी ती जागची हलत नाही. स्टीलचे पेले एकात एक अडकतात ना, तसंच. आई तसे पेले सोडवायची तेव्हा आतल्यात गार पाणी ओतायची, बाहेरचा गरम पाण्यात धरायची, आणि एक हलकासा पीळ दिला की पेले वेगळे. मीही पुली तापवली, दांड्यावर ओला फडका धरला. पण पेले ते पेले. ही वर्षानुवर्षं उष्णतेने चिकटलेली होती.

त्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली होती. माझ्याकडे मोबाइल नव्हता. नजमा वस्तीतल्या आमच्या खोलीत कुडाळकडचा एक ड्रायव्हर होता, त्याच्याकडे होता, म्हणून घरी त्याचाच नंबर दिलेला. संध्याकाळी तो कामावरून आला की धाकट्या भावाचा फोन यायचा.

"दादा, आई लय थकलीया. पाणीसुद्धा चमच्यानं घेतीया. कवा येतूयास?"

"एक पुली अडकलीया इथं," मी म्हणायचो. "ती सुटली की निघालोच."

हे मी थाप म्हणून सांगत नव्हतो. पासपोर्ट कंपनीकडे, आणि देश सोडायचा तर खुरूजचा कागद लागायचा, त्यावर अरबाबची सही. तो कागद मॅनेजरमार्फत जायचा. मॅनेजर आपल्याकडचाच, हैदराबादचा. त्याला मी आईचं सांगितलं तर तो हसला. हसला म्हणून मला आजही त्याचा राग येतो, पण का हसला ते कळतं. आखातात 'मदर सीरियस' हे दोन शब्द आमच्या लोकांनी इतके वापरले होते की त्यांची पार रया गेली होती. ज्याला लग्नाला जायचं, ज्याला घर बांधायचं, ज्याला नुसता कंटाळा आला, त्या सगळ्यांच्या आया सीरियस. एकाची तर म्हणे दोनदा वारली होती. आता माझी खरीच सीरियस होती आणि माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता.

"सबकी मदर सीरियस है," तो म्हणाला. "अरबाब के मेहमान आ रहे हैं, गाडी मांगी है. पहले गाडी, फिर तेरा खुरूज. यल्ला, चल."

मग मी त्या पुलीच्या मागे लागलो. औद्योगिक भागातल्या एका लेथवाल्याकडून पुलर करून घेतला. पुलर म्हणजे लांब बोल्टच. तो पुलीच्या भोकात पिळत न्यायचा, त्याचं टोक दांड्यावर टेकतं, मग पिळाच्या जोराने पुली मागे सरते. सरायला हवी. पहिला पुलर वाकला. दुसऱ्याचे आटे गेले. पान्याला पाइप लावून मी अंगाचा सगळा भार टाकायचो, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर ठोकायचो, आणि त्या पुलीला आईबहिणीवरून शिव्या द्यायचो. मग आईचीच आठवण यायची आणि शिवी तोंडातच राहायची.

खोलीवर परतलो की ड्रायव्हर कांदा चिरता चिरता विचारायचा, "काय रे, सुटली काय?"

"नाय."

"सुटतली, सुटतली. जेव आधी."

त्याच्या दिलाशाचाही मला संताप यायचा. पण तो माझ्या वाटणीचा भातही घालायचा, म्हणून गप्प बसायचो.

शेवटी मला ग्रीसची युक्ती सुचली. ट्रॅक्टरच्या दांड्यात घट्ट बसलेली बारीक नळी, म्हणजे बुश, आम्ही असंच काढायचो. भोकात ग्रीस ठासून भरायचं, बोल्टला नळाची पांढरी टेप गुंडाळायची म्हणजे ग्रीस बाहेर येत नाही, आणि बोल्ट पिळायचा. ग्रीसला जायला जागा नाही, मग ते आतून पुलीलाच ढकलतं. दुपार होती. पत्र्याची शेड भाजून निघालेली. मी ग्रीस भरून पाना लावला होता, तेवढ्यात दारात पिकअप थांबली आणि ड्रायव्हर आत आला. तो कामाच्या वेळी कधीच यायचा नाही. टोपी हातात धरून तो माझ्या बाजूला उभा राहिला.

"सुटली रे," तो म्हणाला.

मला वाटलं विचारतोय. मी मान वरही केली नाही.

"कुठली सुटतीया," मी म्हणालो. "बघ की, जागची हलत नाही."

मी पाना पुढे ओढला.

"मशीनचा नाय रे," तो म्हणाला. "तुझ्या आवशीचा सांगतंय. भावाचो फोन इल्लो."

आमच्याकडे बरेच दिवस खितपत पडलेलं माणूस गेलं की असंच म्हणतात. सुटला. सुटली. बोलणाऱ्याने ते चांगल्यासाठीच म्हटलेलं असतं. मला ते कळत होतं आणि तरी त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटत होतं. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मी पुन्हा पाना धरला आणि पिळला. रडत नव्हतो. नुसता पिळत होतो. फाडकन आवाज झाला आणि पुली माझ्या छातीवर आली. ग्रीस तोंडावर उडालं. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

आवाज ऐकून मॅनेजर केबिनमधून पळत आला. "छूट गई? शाबाश! अरे, छूट गई!"

ड्रायव्हरने त्याला बाजूला नेलं आणि सांगितलं. मॅनेजर तसाच परत फिरला. चहा निवायच्या आत खुरूजचा कागद सही होऊन आला, आणि कागदामागोमाग खुद्द अरबाब आला. त्याने माझ्या ग्रीसने माखलेल्या खांद्यावर हात ठेवला, स्वच्छ पांढऱ्या बाहीची पर्वा न करता.

"मामा मौत?" त्याने विचारलं. "बीमार था, तुम मेरे को क्यों नहीं बोला?"

मी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर हत्यारांच्या पेटीकडे बघत होता. ज्या सहीसाठी मी जिवाचं रान केलं ती मागितली असती तर मिळाली असती, एवढंच मला कळलं. पुढे ती गाडी पाहुण्यांनी म्हणे एकदा चालू करून बघितली आणि ताडपत्री पुन्हा घातली.

मी गावी पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. येणारी जाणारी बाई दारातच म्हणायची, सुटली गं बाई, आणि माझी मूठ आपोआप वळायची. आईची गोधडी तशीच कोपऱ्यात होती. सगळे पांगल्यावर भाऊ जवळ येऊन बसला.

"तुझं सगळं तिला सांगत हुतो," तो म्हणाला. "डोळं उघडलं की पयलं त्येच इचारायची. सुटली का रं त्याची पुली? मी म्हणायचो, न्हाई अजून. मग परत डोळं मिटायची. त्या दिवशी सकाळी इचारलं तवा मला बघवंना, दादा. मी म्हणलं, सुटली, आई. दादा निघालाय तिथनं. तशी जराशी हसली. मग न्हाई उठली."

मी कोपऱ्यातली गोधडी ओढून मांडीवर घेतली.

"तवा सुटली हुती न्हवं?" त्याने विचारलं.

"हुती," मी म्हणालो.