नऊ एमएमचं पिस्तूल, फोर्टीचं काडतूस

ती घटना आठवली की आजही माझ्या तळहातांना घाम फुटतो. तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाने असं छापून आणू नये, असं माझ्या बायकोचं मत आहे. पण मला कधी भीती वाटली नाही असं सांगणारा पोलीस एकतर खोटं बोलतो किंवा त्याने सगळी नोकरी टेबलामागे काढलेली असते.

इंग्लंडमध्ये, वॉटफर्डजवळच्या एका ठाण्यात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मागच्या बागेपलीकडच्या घरात, वरच्या खोलीत, एक माणूस कमरेचं पिस्तूल उपसून भिंतीवर रोखत होता. परत कमरेला, परत बाहेर. कोपऱ्यात साडी नेसलेली एक म्हातारी बाई बसली होती आणि ती अजिबात हलत नव्हती. कंट्रोल रूमने यावरून एकच अर्थ काढला: बाईला ओलीस धरलंय. सशस्त्र पथक निघालं आणि घर मराठी डॉक्टरांचं आहे असं कळल्यावर मलाही सोबत घेतलं. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच होतो. बाराव्या वर्षी पुण्याहून वडिलांबरोबर आलो होतो, पण घरात भाषा टिकली होती.

मी गाडीच्या बॉनेटमागे वाकून बसलो होतो. पथकाने भोंग्यावरून इंग्रजीत हुकूम दिले. दार उघडलं आणि आधी कोपऱ्यातल्या त्या आजी बाहेर आल्या. उजवा हात पदराखाली. तीन रायफली त्यांच्यावर रोखलेल्या. "शो मी युअर हँड्स!" असं कोणीतरी ओरडलं. आजी त्याच्याकडे पाहत एक पायरी उतरल्या. हात पदरातच.

मी उठून उभा राहिलो, जे नियमात बसत नाही, आणि ओरडलो, "काकू! हात वर करा! दोन्ही हात, आत्ता!"

मराठी ऐकून त्या थबकल्या. पदरातून हात वर आला. त्यात जपमाळ होती. मी मटकन परत खाली बसलो, आणि तेही नियमात बसत नाही.

पाठोपाठ डॉक्टर हात वर करून आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, भूलतज्ज्ञ, घटस्फोटित. आई सहा महिन्यांच्या व्हिजावर आली होती. त्यांचं पिस्तूल गॅसवर चालणारं, प्लॅस्टिकचे मणी उडवणारं निघालं. डॉक्टरांना प्रॅक्टिकल शूटिंगचा नाद होता. धावत, वळत, घड्याळ लावून कागदी लक्ष्यांवर गोळ्या मारायच्या असा तो खेळ. इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही. म्हणून डॉक्टरांचं पिस्तूल बेल्जियममधल्या एका क्लबच्या तिजोरीत असे, ते महिन्यातून एकदा तिकडे जात आणि घरी नकलीवर हात बसवत. आजी त्या खोलीत जप करत बसत, कारण हीटर तिथला चांगला होता. आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण झडती अजून संपायची होती.

स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात, झेंडूच्या फुलांखाली, एका तांब्याच्या वाटीत एक जिवंत काडतूस सापडलं.

आमच्या इन्स्पेक्टर बाईंनी काडतूस पिशवीत घालून सील केलं आणि डॉक्टरांना अटक झाली. काडतूस बाळगायलाही इथे परवाना लागतो. नसला तर तुरुंग. शिवाय जिथे काडतूस आहे तिथे पिस्तूल असतं, असं प्रत्येक पोलीस धरून चालतो.

दुपारी भीती आणखी वाढली. तज्ज्ञाने काडतूस पाहून सांगितलं की हे फोर्टी कॅलिबरचं, म्हणजे साधारण दहा एमएम जाडीचं आहे. बेल्जियमच्या क्लबला फोन केला. त्यांच्या नोंदीत डॉक्टरांच्या नावावर एकच पिस्तूल होतं, नऊ एमएमचं. नऊच्या पिस्तुलात फोर्टीचं काडतूस बसतच नाही. मग फोर्टीचं पिस्तूल कुठे होतं? कोणाकडे होतं? इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "चोवीस तासांत आरोप तरी ठेवायचा नाहीतर सोडायचं. आणि सोडलं, आणि ते पिस्तूल कुठेतरी वाजलं, तर?" मी फाइल उचलून चौकशीच्या खोलीकडे निघालो.

चौकशी वकिलासमोर, रेकॉर्डिंग चालू ठेवून, इंग्रजीत झाली. घाबरलेल्या माणसाला आधी त्याच्या आवडीचं बोलू द्यावं, ही माझी जुनी सवय. मी विचारलं, "नऊ एमएमच का?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अहो, पहिलं वर्ष मी क्लबचंच भाड्याचं फोर्टी वापरलं. जड गोळी लक्ष्याच्या कडेला लागली तरी जास्त गुण मिळतात. पण धक्का फार. सोमवारी थिएटरमध्ये पेशंटच्या घशात नळी घालताना अंगठा थरथरायला लागला. तेव्हा ठरवलं, गुण कमी मिळाले तरी चालतील. नऊचा धक्का हलका, दुसरी गोळी लवकर सुटते, आणि कडेला मारायचंच नाही, मध्येच मारायचं. दोन वर्षांपूर्वी नऊचं घेतलं."

"मग हे फोर्टीचं घरात कधी आलं?"

चेहरा विझला. "मागच्या महिन्यात. मीच आणलं. चुकून बॅगेत राहिलं."

फोर्टी सोडून दोन वर्षं झालेला माणूस मागच्या महिन्यात फोर्टीचं काडतूस चुकून कसं आणेल? वकिलाने त्यांच्या दंडाला हात लावला. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला "नो कॉमेंट". मी बरेच खोटे बोलणारे पाहिलेत. स्वतःला वाचवणारा आपली गोष्ट सजवतो. हे गृहस्थ मात्र सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेत होते, आणि तेही अगदी ओबडधोबड.

तज्ज्ञाच्या टिपणात एक ओळ होती: काडतुसाच्या खाचेत लालसर-पिवळी पूड, दोन थर, खालचा जुना आणि काळपट. रसायन असावं म्हणून तपासायला पाठवू का, असं त्याने विचारलं होतं. मी ती ओळ वाचली आणि खुर्चीत मागे टेकलो. त्या आठवड्यात खंडेनवमी होऊन गेली होती. आमच्या घरी आई त्या दिवशी वडिलांचा स्टेथोस्कोप, विळी, कात्री, गाडीची किल्ली पाटावर मांडून हळदकुंकू वाहायची. दोन थर म्हणजे दोन खंडेनवम्या. काडतूस घरात निदान वर्षभर तरी होतं.

मी आजींची औषधं विचारायचं निमित्त करून एकटाच त्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि म्हणाल्या, "तूच ना रे मला हात वर करायला सांगितलंस? ये. चहा टाकते."

मी ओट्याशी उभा राहिलो. "काकू, त्या वाटीत तुम्ही काय ठेवलं होतं?"

"अरे, गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा त्याची बॅग धुवायला काढली, तर खिशात ते पितळेचं मिळालं. खंडेनवमी होती. त्याचं हत्यार तर परदेशात, मग पूजा कशाची करणार? म्हटलं, हे तरी पुजू. ते वाटीतच राहिलं. यंदा परत हळदकुंकू वाहताना त्याने पाहिलं आणि केवढा चिडला! लगेच टाकून दे म्हणाला. मीच म्हटलं, पुजलेलं असं लगेच हलवत नाहीत, चार दिवस जाऊ देत."

तिथेच मी त्यांना थांबवायला हवं होतं. कायदा समजावून सांगायचा, वकील द्यायचा, परका दुभाषा बोलवायचा. मला हे सगळं पाठ होतं. तरी मी कप धरून ऐकत राहिलो, कारण मला उत्तर हवं होतं, आणि मी थांबवलं तर ते मिळणार नाही याची मला भीती होती.

त्यांचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "काकू, हे मला आता लिहावं लागेल. गुन्हा तुमच्यावर येईल."

त्यांनी गॅस बंद केला. "मग त्याला सोडतील?"

"बहुतेक."

"मग लिही की. विचारतोस काय?"

संध्याकाळी त्या ठाण्यात आल्या आणि वकील व दुभाष्यासमोर तेच बोलल्या. मुलगा काचेपलीकडून "आई, नको" म्हणत होता. क्लबने भाड्याच्या पिस्तुलाची जुनी नोंद पाठवली. तारखा जुळल्या. फोर्टीचं हरवलेलं पिस्तूल कुठेच नव्हतं.

डॉक्टर सुटले. हॉस्पिटलने त्यांना आठ महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. आजींना औपचारिक ताकीद मिळाली, म्हणजे खटला नाही, पण गुन्हा कबूल केल्याची नोंद राहते; त्यांनी मराठीत सही केली. कोणाला वाटेल, सुटलं एकदाचं. पण पुढच्या व्हिजाच्या अर्जात ती ताकीद लिहावी लागली आणि अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्यांदाही तेच. त्यानंतर तीन वर्षांनी डॉक्टरांचा मला फोन आला. आई पुण्यात वारली होती. ते पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

"एकच विचारायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी किचनमध्ये तुम्ही तिला आधी सांगितलं होतं का, की हे लिहून घेणार म्हणून?"

"नाही," मी म्हणालो.

"ती म्हणायची, पोलीस आपल्यातलाच होता म्हणून मी बोलले." त्यांनी शांतपणे फोन ठेवला.

माझ्या हाताखालच्या लोकांना मी पुढे ही केस शिकवली. हळदकुंकवाचे थर, कॅलिबरचा फरक, तारखांची जुळणी, सगळं. स्वयंपाकघराचं मात्र कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. लोक पोलिसाला घाबरतात तेव्हा निदान सावध तरी असतात. जिथे ते घाबरत नाहीत, तिथे पोलिसाने स्वतःला घाबरून राहावं. ती म्हातारी माझ्यासाठी चहा टाकत होती आणि त्या घरात तिला सर्वांत जास्त धोका माझाच होता.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत कुठल्याही मराठी घराच्या दारात मी पहिलं वाक्य इंग्रजीतच बोललो.